काळी एक

एल्मर घोन्सालविसचा आवाज
मी पस्तीस वर्षं बोटांनी ऐकलाय.
म्हणजे तो स्टेजवर,
मी पार मागे, ताडपत्रीखाली, मिक्सरपाशी.
त्याचा गळा आणि माझी तर्जनी
यांच्यामध्ये दीडशे फूट केबल.

रंगभवनात, एकोणनव्वद साली,
त्यानं पहिल्यांदा ती वरची किंकाळी मारली.
सूर पांढरी तीन.
(माझे वडील चिराबाजारात भजनाला पेटी वाजवायचे,
मला सूर अजून त्याच भाषेत कळतात.)
काटा लाल खुणेत गेला आणि तिथेच चिकटला.
झाडावरचे कावळे रात्री दहाला उठून बसले.
मी नवखा, घाबरून बटण खाली ओढलं.
शो संपल्यावर त्यानं मला मागे गाठलं, घामानं निथळत:
“ओढू नको रे खाली. फाटू दे ना.”

मग काय, फाटू दिलं.
पवईला, ठाण्याला, कुठल्या कुठल्या कॉलेजांच्या गच्च्यांवर,
सर्दीत, तापात,
बाप गेला त्याच्या दहाव्या दिवशी वसईहून येऊन
दोन तास.

माझ्याकडे वह्या आहेत.
‘एल्मर’ लिहिलेली चिकटपट्टी प्रत्येक शोनंतर
मिक्सरवरून सोलून त्यात लावतो, खाली दोन ओळी.
सुरुवातीला: “वरचं काप. कानात घुसतोय.”
मग बरीच वर्षं नुसतंच: “ठीक.”
मग: “वरचं थोडं उघड.”
मग: “सगळं उघडलं. तरी पोचत नाही.”

एकदा केर्सीनं, कुणाला न विचारता,
गिटारच्या तारा अर्धा सूर उतरवल्या.
एल्मरला पहिल्याच ओळीत कळलं असणार.
बोलला काहीच नाही.
रात्री फक्त आपल्या ग्लासातली अर्धी
केर्सीच्या ग्लासात ओतली.

काळी दोन. काही वर्षांनी पांढरी दोन.
आता काळी एक.
कठड्याला धरून उतरावं तसं.
वरच्या ओळीला तो माईक लोकांकडे करतो,
लोकांना वाटतं, केवढा मान दिला.
मला माहितीये, तो श्वास घेतोय.
चार मात्रा. हल्ली सहा.

पण खाली, अगदी खाली,
तिथे काहीतरी नवीन आलंय.
अर्ध्या हौदात तांब्या बुडवल्यावर येतो तसा आवाज.
तेविसाव्या वर्षी हे त्याच्याकडे नव्हतं.
ते वहीत कसं लिहायचं मला कळत नाही.

परवा लोअर परळला,
जिथे पूर्वी माग होते आणि आता बिअर आहे,
मॅनेजर शर्वाणीनं रंगभवनची जुनी कॅसेट साफ करून आणली.
फक्त किंकाळी, साडेसहा सेकंद.
“त्या जागी दाबायचं, काका. कुणाला कळतंय?”
मी बटणावर लावून घेतली. खोटं कशाला बोलू.
चाचणीच्या वेळी एकदा दाबूनही पाहिली.

एल्मर बारपाशी, गरम पाण्यात ज्येष्ठमध ढवळत होता.
मान वर केली.
“हा कोण पोरगा?”
कुणी बोलेना.
“चांगलाय. पण एवढं ओरडायला काय झालंय त्याला?
सगळे इथेच तर आहेत.”

त्याला खरंच ओळखू आलं नाही,
की आम्हाला सोडवलं त्यानं,
अजून ठरवता येत नाही मला.

रात्री ती जागा आली.
माझं बोट बटणावर.
तो माईकच्या इतका जवळ आला
की ओठ सुटल्याचा आवाज आला,
आणि तो शब्द त्यानं नुसता ठेवला,
झोपलेल्या माणसाच्या उशाशी किल्ली ठेवावी तसा.
काटा जेमतेम हलला.
बारमधलं बर्फाचं मशीन ऐकू आलं.

पुढून एक पोरगा ओरडला: “वर घे ना, अंकल!”
एल्मर हसला.
आणि हसताना, आईशप्पथ,
घसा चिरकला तो नेमका पांढरी तीनला,
क्षणभर, लाल खुणेपर्यंत.

मी काही खाली ओढलं नाही.
मग उरलेली चार गाणी झाली,
शेवटच्यात ड्रमवाला चुकला.